ज्युनियर वकिलांचा स्टायपेंड सक्तीचा करा : बार कौन्सिल आणि ठाणे जिल्ह्यातल्या सीनियर वकिलांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचे सन्माननीय सदस्य,
तसंच ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर आणि बेलापूरच्या कोर्टांत प्रॅक्टिस करणारे आमचे सगळे सीनियर,

सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर २०२४ ला बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, एक परिपत्रक काढलं. शहरातल्या ज्युनियर वकिलाला महिन्याला किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागातल्या ज्युनियरला १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा, आणि तो निदान तीन वर्षं द्यावा, असं त्यात म्हटलंय. ते परिपत्रक व्हॉट्सअॅपवर आलं त्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये नुसता आनंद होता, मुलांनी आईवडिलांना फोन करून सांगितलं. आज काय परिस्थिती आहे ते सांगते. मी ज्या मुलामुलींबरोबर रोज कोर्टात असते त्यांच्यातल्या एकालाही वीस हजार मिळत नाहीत. निम्मे मिळणारे बोटावर मोजण्याइतके आहेत, बाकीच्यांना दोन हजार, तीन हजार, कुणाला फक्त रेल्वेचा पास आणि चहा, कुणाला काहीच नाही. परिपत्रकात शिफारस आहे, सक्ती नाही, म्हणून कुणी कुणाला विचारत नाही.

मला हे गप्प बसून सहन होत नाहीये म्हणून उघड लिहितेय. नाव मात्र लिहीत नाही, का ते पुढे येईलच.

मी कोपरखैरण्याची. बाबा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, आता पाठीच्या दुखण्यामुळे घरी असतात. आई दोन ठिकाणी स्वयंपाकाची कामं करते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांच्या लॉला अॅडमिशन घेतली तेव्हा नातेवाईक म्हणाले की डीएड कर, बँकेच्या परीक्षा दे, वकिली आपल्यासारख्यांचं काम नाही. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या लोकांचे कागद दुसरे लोक वाचतात, एकदा आपलं माणूस वाचू दे. पाच वर्षं त्यांनी फी भरली. आता मी वकील आहे, काळा कोट घालून सकाळी बाहेर पडते, शेजारपाजारचे वकीलबाई म्हणतात, आणि महिनाअखेरीला पास काढायला मी आईकडे पैसे मागते. ही अवस्था माझ्या एकटीची असती तर पत्र लिहिलं नसतं. माझ्याबरोबर पास झालेल्या बहुतेकांची हीच गत आहे, फक्त कुणाच्या घरी ते झाकता येतं, कुणाच्या घरी नाही.

आता मुद्द्यावर येते.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की आम्हाला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलंय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ सांगतो की प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने फुल टाइम पगारी नोकरी करायची नाही. नियम ४७ म्हणतो धंदा करायचा नाही. नियम ३६ म्हणतो जाहिरात करायची नाही, काम मागायला जायचं नाही, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. हे नियम मला तत्त्व म्हणून मान्य आहेत, वकिली ही दुकानदारी होऊ नये हे मलाही वाटतं. पण मग ज्या मुलीने नोकरी करायची नाही, धंदा करायचा नाही, स्वतःची जाहिरात करायची नाही, आणि जिथे ती सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत काम करते तिथून पैसे मिळायची काही हमी नाही, तिने जगायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर सध्या एकच आहे, घरच्यांच्या जिवावर. म्हणजे ज्याचं घर पोसू शकतं त्यानेच वकील व्हायचं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही पण होतंय हेच.

त्यात २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचं तर निदान तीन वर्षांची प्रॅक्टिस हवी. त्याआधी आपल्याकडे चांगल्या मार्कांनी पास झालेल्या फ्रेश ग्रॅज्युएटला जेएमएफसीची, म्हणजे याच पदाची, परीक्षा देता यायची, खूप गरीब घरातली मुलं अभ्यासिकेत बसून तिथून न्यायाधीश झाली. निकालावर मी टीका करत नाही, कोर्ट म्हणालं की कोर्टरूमचा अनुभव नसलेला न्यायाधीश अडखळतो आणि त्यात तथ्य आहे, मी स्वतः उभं राहून बघितल्यावर मला ते पटलं. पण त्या निकालाने ही तीन वर्षं सक्तीची झाली. सक्तीच्या तीन वर्षांचा स्टायपेंड मात्र ऐच्छिक! ऐरोलीच्या किंवा महापेच्या एखाद्या कंपनीत कॉन्ट्रॅक्ट तपासायची नोकरी धरली तर घर चालतं, पण सनद (वकिलीचा परवाना) बाजूला ठेवावी लागते आणि ती वर्षं प्रॅक्टिसमध्ये धरली जात नाहीत. प्रॅक्टिस केली तर वर्षं धरली जातात आणि घर चालत नाही. माझी एक मैत्रीण, आमच्या बॅचमधली सगळ्यात हुशार, मूट कोर्टात (कॉलेजच्या सराव-खटल्यांत) बक्षिसं मिळवलेली, तिने वडील गेल्यावर सरळ नोकरी घेतली. न्यायाधीश व्हायचं तिचं आठवीपासून ठरलं होतं. आता ती दुसऱ्या देशातल्या कंपन्यांचे करार वाचते. कोर्टाचा विषय काढला की विषय बदलते.

आणि ही तीन वर्षं झाली हे सिद्ध कसं करायचं, तर त्या कोर्टाच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट, नाहीतर दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं सर्टिफिकेट आणि त्यावर जिल्ह्याच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याची सही. म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच सीनियरचं सर्टिफिकेट. आता मला सांगा, ज्या माणसाकडून मला तीन वर्षांनी सर्टिफिकेट हवंय त्याच्याकडे मी पैसे मागू का? मागितले आणि सरांचा मूड गेला तर? ऑफिस सोडलं तर? दुसऱ्या ऑफिसला गेले तर ते पहिल्या सरांना फोन करून विचारणारच. ठाण्याचं कोर्ट तसं लहान आहे, बार रूममध्ये एका टेबलावर बोललेलं संध्याकाळपर्यंत कोर्ट नाक्याच्या टपरीवर पोचतं. पत्राखाली नाव नाही त्याचं कारण हे.

खर्चाचं बोलते थोडं, कारण तो कुणी धरतच नाही. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने गौरव कुमारच्या केसमध्ये सांगितलं की अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ मध्ये लिहिलेल्या फीपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये, यापेक्षा जास्त एनरोलमेंट (वकील म्हणून नोंदणीची) फी घ्यायची नाही. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या वरपर्यंत घेत होते. त्या निकालाचे उपकार आहेत, खरंच आहेत. पण सनद मिळाल्यावर खर्च संपत नाही, सुरू होतो. ऑल इंडिया बार एक्झामची फी सर्वसाधारण उमेदवाराला साडेतीन हजार. कोट, गाऊन, बँड. पास. रोजचं झेरॉक्स, जे अनेकदा आपल्याच खिशातून जातं कारण तीस-चाळीस रुपयांसाठी सरांकडे हात पसरायला लाज वाटते. पुस्तकांचं तर विचारू नका, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागतं, म्हणून जुनं बेअर अॅक्टही (कायद्याचं मूळ पुस्तक) हवं आणि नवीनही हवं. आम्ही कॉलेजला आयपीसी शिकलो आणि पहिल्या दिवसापासून न्याय संहितेत काम करतोय.

आणि इथेच मला सीनियर मंडळींच्या त्या नेहमीच्या वाक्याला उत्तर द्यायचंय, की ज्युनियरला काय येतं, तो शिकायला आलाय, त्याला पैसे कशाचे.

येतं, सर. सगळं नाही येत पण बरंच येतं. दुपारी जेवताना तुम्हीच विचारता, अगं ४२० चं आता काय झालं, आम्ही सांगतो ३१८ चं पोटकलम ४. ३०२ आता १०३. अटकपूर्व जामिनाचं ४३८ गेलं, ते ४८२ झालं, आणि ४३९ चं ४८३. ई-फायलिंग कोण करतं? पीडीएफचा साइज बसत नाही म्हणून रात्री अकराला स्कॅन परत कोण करतं? ई-कोर्ट्सच्या अॅपवर उद्याचं बोर्ड बघून कुठल्या कोर्टात किती नंबरला मॅटर आहे त्याची यादी कोण पाठवतं? तुम्ही दुसऱ्या कोर्टात आर्ग्युमेंटला असता तेव्हा इकडे न्यायाधीश साहेबांसमोर उभं राहून 'सर पाच मिनिटांत येतायत' म्हणून बोलणी कोण खातं? नक्कल विभागात अर्ज, नाझरकडे फेऱ्या, बेलिफबरोबर जाणं, पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) टाईप करून आणणं, अशिलाचा फोन घेऊन त्याला शांत करणं, हे शिकणं असेल तर असू दे, पण ते कामही आहे आणि त्या कामावर तुमचं ऑफिस चालतं.

एकच प्रसंग सांगते. कल्याणची मॅटर होती. शुक्रवारी संध्याकाळी आरोपीची आई ऑफिसला आली, मुलगा आधारवाडी जेलला, मारामारीची केस. सरांनी पाच मिनिटं ऐकलं, फी ठरवली आणि मला म्हणाले ड्राफ्ट करून ठेव. मी रात्री बसून एफआयआर वाचली, त्यात दुखापतीच्या सर्टिफिकेटची तारीख आणि घटनेची तारीख जुळत नव्हती ते मला दिसलं, तो मुद्दा अर्जात पहिल्या पानावर घेतला. सोमवारी फाईल केलं, नंबर घेतला, सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) येईना म्हणून आधी पोलीस स्टेशनला जाऊन तपास अधिकाऱ्यांच्या मागे लागले, मग परत कोर्ट. तारखेला सरांनी तोच तारखांचा मुद्दा धरून दहा मिनिटांत आर्ग्युमेंट केलं आणि जामीन झाला. सर पुढच्या मॅटरला ठाण्याला गेले. मी थांबले. जामीनदाराचे कागद, त्याच्या रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं, ते अॅफिडेव्हिट करून घेतलं, रिलीज ऑर्डरसाठी शिरस्तेदारांना विनवण्या केल्या, कारण ती जेलच्या पेटीत वेळेत पडली नाही तर तो मुलगा आणखी एक रात्र आत. पडली वेळेत. ती आई माझ्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये माझ्यासमोर फीचं पाकीट दिलं तिने, आणि सरांनी त्यातून पाचशेची नोट काढून मला दिली, रिक्षाला म्हणून. सर वाईट नाहीत. त्यांनी मला उलटतपास शिकवला, साहेबांसमोर आवाज कसा ठेवायचा ते शिकवलं, मुलीसारखं वागवतात आणि हे मी मनापासून लिहितेय. त्यांनाही त्यांच्या सीनियरने असंच वागवलं होतं म्हणून त्यांना यात काही चुकतंय असं वाटतच नाही, आणि माझं म्हणणं तेच आहे की हे एकेका सरांच्या चांगुलपणावर सोडायची गोष्टच नाही.

आम्हीही फुकट केलं, असं जवळजवळ प्रत्येक सीनियर सांगतात. केलंत, मान्य. पण तेव्हा ठाण्यात खोली घ्यायला किती लागायचे आणि आज किती लागतात? तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण सकाळची नोकरी करून संध्याकाळच्या लॉ कॉलेजला जायचे, मग सनद घेतली. आणि जे ती फुकटची वर्षं काढू शकले नाहीत ते कुठे आहेत? ते बार रूममध्ये नाहीत म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. तुमच्याबरोबर पास झालेल्या आणि सोडून गेलेल्या एखाद्या मित्राला फोन करून विचारा.

काही सीनियर म्हणतात आम्हालाच परवडत नाही, आणि हे मात्र खरं आहे. जो वकील १३८ च्या (चेक बाउन्सच्या) केसेस आणि लिव्ह अँड लायसन्सवर घर चालवतो, ज्याला स्वतःचं ऑफिस नाही, झाडाखालच्या टेबलावर बसतो, त्याच्याकडून महिन्याला वीस हजार काढा असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न त्यांचा नाहीये. ज्यांच्याकडे चार-चार ज्युनियर आहेत, घोडबंदर रोडच्या बिल्डरांची कामं आहेत, सोसायट्यांचे रिडेव्हलपमेंटचे करार आहेत, बँकांचे सर्च रिपोर्ट आहेत, त्यांचा आहे. मद्रास हायकोर्टाने जून २०२४ मध्ये तमिळनाडूच्या बार कौन्सिलला चेन्नई, मदुराई, कोईमतूरसाठी २०,००० आणि बाकी ठिकाणी १५,००० चं परिपत्रक काढायला सांगितलं तेव्हा तिथेही हीच कुरकुर झाली असेल. लहान वकिलाला परवडत नसेल तिथे सरकारने हात द्यावा. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये वायएसआर लॉ नेस्तम योजना सुरू केली होती, नव्या वकिलाला महिन्याला ५,००० रुपये, तीन वर्षं. केरळमध्येही कमी उत्पन्नाच्या ज्युनियर वकिलांसाठी महिना ५,००० पर्यंत स्टायपेंडचा नियम केला गेला. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर असणाऱ्या राज्याला हे जमू नये?

बाबांशी मी यावर बोलते कधीकधी. १९६९ च्या माथाडी कायद्याआधी मशीद बंदरला, भायखळ्याला व्यापारी हातावर टेकवेल ती हमाली. अण्णासाहेब पाटलांनी माणसं एकत्र केली, कायदा झाला, बोर्डं आली. मग टोळीची नोंद, व्यापाऱ्याची नोंद, मजुरी बोर्डात जमा करायची, वर लेव्ही, त्यातून प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी. त्यालाही पळवाटा काढणारे आहेतच, पण निदान कुणाचा माल कुणी उचलला याचा कागद आहे. बाबांनी मला विचारलं, तुमच्यात तू कुणाकडे काम करतेस याची नोंद कुठे असते? मी सांगितलं, कुठेच नाही. वकीलपत्रावर सरांचं नाव असतं, कधी कधी माझंही खाली असतं, पण मी त्या ऑफिसला ज्युनियर आहे हे सांगणारा एकही कागद या जगात नाही. त्यांना ते खरं वाटेना. पाठीवर पोती उचलणाऱ्या माणसाच्या कामाची नोंद ठेवता येते हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं, आणि कायद्याचं काम करणाऱ्यांच्या कामाची नोंद नाही.

मुलींचं वेगळं थोडं. ऑफिसं संध्याकाळी सातला भरतात आणि नऊ-साडेनऊला सुटतात, मग ट्रान्स हार्बर पकडून घरी. घरचे म्हणतात एवढं करून हातात काय येतं, आणि त्या प्रश्नाला उत्तर नसलं की पुढचा विषय लग्नाचा निघतो. माझ्या ओळखीतल्या ज्या मुलींनी कोर्ट सोडलं त्यातल्या एकीलाही वकिली आवडत नव्हती असं नाही.

दुसरे दरवाजे किती उघडे आहेत तेही बघा. मोठ्या लॉ फर्म बीकेसी आणि लोअर परळला, त्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर जातात, आमच्यासारख्या कॉलेजांत प्लेसमेंट म्हणजे नोटीस बोर्डावर लावलेला एक कागद. बँकेच्या लॉ ऑफिसरच्या जागा देशभरात मिळून थोड्या. नोटरीला दहा वर्षं प्रॅक्टिस हवी, महिला आणि राखीव प्रवर्गाला सात. वसुली एजन्स्या लीगल एक्झिक्युटिव्ह म्हणून घेतात आणि दिवसभर थकबाकीदारांना फोन करायला लावतात. एक चांगली गोष्ट झाली ती म्हणजे नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२२ मध्ये आणलेली लीगल एड डिफेन्स कौन्सिलची पद्धत, त्यात असिस्टंटच्या पदाला तीन वर्षांपर्यंतच्या प्रॅक्टिसवालेही चालतात, मानधन ठरलेलं, काम खऱ्या गरजू आरोपींचं. पण जिल्ह्याला जागा अशा कितीशा! बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन लॉ कॉलेजांना तीन वर्षं बंदी घातली ते योग्यच केलं, पण जी हजारो मुलं आधीच पास होऊन बसलीत त्यांच्यासाठी त्या निर्णयात काही नाही.

आता मागण्या. मी एकटीच्या डोक्याने काढलेल्या नाहीत, आम्ही आठदहा जण बोलून ठरवलंय.

१. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने ठराव करून ज्युनियरची नोंदवही सुरू करावी. कोण कुणाकडे कधीपासून काम करतो, एवढंच. एक पानाचा ऑनलाइन फॉर्म, दोघांची सही, त्यात ठरलेला स्टायपेंडचा आकडा. आकडा शून्य असेल तर शून्य लिहा, पण लिहा. पैसे बँकेतून द्यावेत, पाकिटातून नाही. कोर्टाला उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी असते त्या महिन्यांतही द्यावेत, कारण सुट्टीत ऑफिस चालू असतं आणि आम्हीही तिथेच असतो.

२. ज्या ऑफिसमध्ये दोन किंवा जास्त ज्युनियर आहेत त्यांना परिपत्रकातला आकडा बंधनकारक करावा. बंधनकारक करायचा अधिकार राज्याच्या कौन्सिलला नाही असं उत्तर असेल तर तसं लेखी द्या आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे नियम बदलण्याची शिफारस पाठवा, म्हणजे निदान आम्हाला कळेल की पुढे कुणाचा दरवाजा ठोठवायचा.

३. तीन वर्षांच्या प्रॅक्टिसच्या सर्टिफिकेटसाठी ही नोंदवही, वकीलपत्रावरचं नाव आणि कोर्टाच्या रोजनाम्यातली हजेरी हे पुरावे धरले जावेत आणि सीनियर सही देत नसेल तर बार असोसिएशनने शिफारस केलेल्या दुसऱ्या दहा वर्षांच्या वकिलाची सही चालावी, यासाठी कौन्सिलने हायकोर्टाकडे विनंती करावी. हे झालं ना, की निम्मी भीती जाईल.

४. नियम ५२ मध्ये राज्य बार कौन्सिलच्या संमतीने पार्ट टाइम काम करायची सोय आहे. ती कितीजणांना माहीत आहे? पहिल्या तीन वर्षांतल्या वकिलांसाठी चालणाऱ्या कामांची यादी कौन्सिलने जाहीर करावी, शिकवणी, भाषांतर, लायब्ररीतलं काम, आणि अर्ज आल्यावर महिन्याभरात उत्तर द्यावं. कुणी लपूनछपून काम करायची वेळ येऊ नये. माझ्या ओळखीचा एक मुलगा रात्री तुर्भ्याला कॉल सेंटरला जातो आणि सकाळी डोळे लाल घेऊन साहेबांसमोर उभा राहतो, सनद जाईल या भीतीने आम्हालाही नीट सांगत नाही.

५. राज्य सरकारकडे आंध्र, केरळसारख्या योजनेचा प्रस्ताव कौन्सिलने स्वतः घेऊन जावा. विधिमंडळात वकील आमदार कमी नाहीत.

६. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत असिस्टंट डिफेन्स कौन्सिलच्या जागा वाढवण्यासाठी पाठपुरावा करावा. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, आमच्या नाही.

बार असोसिएशनांकडे वेगळी एक मागणी आहे, बार रूममध्ये ज्युनियरसाठी एक टेबल ठेवा. खुर्ची सीनियरची म्हणून आम्ही बॅगा घेऊन जिन्यात उभे असतो. यात पैसे लागत नाहीत.

आणि सीनियर मंडळी, तुमच्यातले जे व्यवस्थित पैसे देतात ते आम्हाला माहीत आहेत. तुम्ही थोडेच आहात, पण आहात, आणि तुमच्याकडचे ज्युनियर टिकलेत, त्यांचं ड्राफ्टिंग बघा आणि तारखेला त्यांची तयारी बघा. तुम्ही बार रूममध्ये हे मोठ्याने बोला अशी विनंती आहे. आम्ही बोललो तर तक्रार होते, तुम्ही बोललात तर चर्चा होईल.

कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य मतं मागायला ठाण्याला, कल्याणला, बेलापूरला येतात. आमचंही मत तेवढंच मोजलं जातं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'ज्युनियर वकिलांची नोंद आणि किमान स्टायपेंड' हा विषय घ्या. बैठकीत काय ठरलं, कोण बाजूने होतं, कोण विरोधात होतं, ते वेबसाइटवर टाका. नाही ठरलं तरी का नाही ठरलं ते टाका. तोपर्यंत हे पत्र आम्ही प्रत्येक बार रूममध्ये आणि प्रत्येक लॉ कॉलेजच्या ग्रुपमध्ये पाठवत राहणार आहोत.

आपली नम्र,
एक ज्युनियर वकील
कोपरखैरणे, नवी मुंबई